२५ लाखांची चाळणी

‘अभिनंदन! तुमच्या नंबरला २५ लाखांची लॉटरी लागली आहे.’ सोबत ‘कौन बनेगा करोडपती’चं चिन्ह, अमिताभ बच्चन यांचा फोटो, कुण्या ‘बँक मॅनेजर’चा नंबर आणि शुद्धलेखनाच्या ढीगभर चुका. व्हॉट्सअ‍ॅपवर असा मेसेज आला की आपण हसून तो पुसून टाकतो. पण लोकांना लाखोंना गंडवणाऱ्या टोळ्यांना चार ओळी धड लिहिता येऊ नयेत?

मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली ‘नायजेरियन’ ईमेलबद्दल (नायजेरियातली मोठी रक्कम तुम्हाला देतो, असं आमिष दाखवणारे ईमेल) हाच प्रश्न गणिताने सोडवला. लाखो मेसेज पाठवायला ठगाला जवळपास काहीच खर्च येत नाही. त्याचा वेळ जातो तो उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी बोलत बसण्यात. बोलता बोलता शंका येऊन जो निसटतो, तो ठगाच्या हिशेबात तोट्याचा. म्हणून पहिलाच मेसेज अशक्य वाटेल असा ठेवायचा. शंकेखोर आपोआप गळून जातात आणि चाळणीत उरतात ते शेवटपर्यंत येण्याची शक्यता असलेले.

उरलेल्यांना मूर्ख म्हणू नये. कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणाचे कर्जाचे हप्ते थकलेले असतात, कुणाच्या हातात स्मार्टफोन नुकताच आलेला असतो. गरज माणसाला विश्वास ठेवायला लावते.

मग येते ‘प्रोसेसिंग फी’. रक्कम मुद्दाम लहान असते. मानसशास्त्रज्ञ फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी कॅलिफोर्नियात केलेला एक प्रयोग १९६६ साली प्रसिद्ध झाला. ‘गाडी जपून चालवा’ असा भलामोठा, बेढब फलक अंगणात लावू द्याल का, असं घरोघरी विचारलं. थेट विचारल्यावर १७ टक्के लोक तयार झाले. ज्यांनी आधी त्याच अर्थाचं छोटंसं स्टिकर लावून घेतलं होतं, त्यांच्यातले ७६ टक्के ‘हो’ म्हणाले. पहिला लहान होकार पुढच्या मोठ्या होकाराची वाट मोकळी करतो. फी भरली की जीएसटी, मग ‘आरबीआयचं क्लिअरन्स’. आता थांबलो तर आधीचे पैसेही बुडाले, या भीतीने माणूस आणखी भरतो. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा.

खऱ्या लॉटरीची रीत नेमकी उलटी आहे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. तिथे बक्षीस मागायला मूळ तिकीट लागतं. तिकीटच काढलं नसेल तर बक्षीस कसलं? मोठ्या बक्षिसावरचा ३० टक्के कर बक्षीस देणाराच आधी कापून घेतो, विजेत्याकडून कुणाच्या खात्यात भरून मागत नाही. रिझर्व्ह बँकेत सामान्य माणसाचं बचत खातं नसतं. आणि परदेशी लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांनीच बंदी आहे.

पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवली जाते. ती काढून घेतली जाण्याआधी बँकेला कळलं तर गोठवता येते. लाजेपोटी रात्र जाऊ दिली की ती संधी हातची जाते. घरच्यांनीही त्या वेळी ‘तुला कळत नव्हतं का?’ हा प्रश्न गिळावा आणि आधी फोन लावून द्यावा. काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी लागेल’ असा कुणाचा तरी गोड फोन येऊ शकतो. फसलेल्यांची यादी विकली जाते, आणि तो फोन बहुधा त्याच यादीतून आलेला असतो.