इंटरनेटवरील लघुरूपे

इंटरनेटवरील लघुरूपे : चॅट, ई-मेल व लघुसंदेशांत वापरली जाणारी, बहुधा रोमन अक्षरांतील अनौपचारिक संक्षिप्त रूपे; बोलचालीत ‘शॉर्टफॉर्म’. काही आद्याक्षरांची असतात (बीआरबी – बी राइट बॅक, म्हणजे ‘आलोच’), काही उच्चारसाम्यावर बेतलेली (जीआर८ – ग्रेट), तर काहींत केवळ स्वर गाळलेले असतात.

पूर्वपीठिका : तारयंत्रचालक ‘७३’ हा आकडा शुभेच्छांसाठी पाठवीत. वॉल्टर फिलिप्स यांनी वृत्तपत्रीय तारांसाठी संक्षेपांची संहिता १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. ‘ओएमजी’ (ओ माय गॉड) हे रूप जॉन फिशर या ब्रिटिश नौसेनाधिकाऱ्याने विन्स्टन चर्चिल यांना ९ सप्टेंबर १९१७ रोजी लिहिलेल्या पत्रात आढळते, तेही कंसातील पूर्ण रूपासह. मात्र ते पत्र व संगणकावरील वापर यांना जोडणारा सलग दुवा दाखवता येत नाही. आद्याक्षरे घेण्याची रीत रूढच असल्याने हे रूप पुन्हा स्वतंत्रपणे घडले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘एलओएल’चा उगम : ‘लाफिंग आउट लाउड’ या अर्थाचे हे रूप १९८० च्या दशकात कॅनडातील कॅल्गरी येथील एका बुलेटिन बोर्डावर (दूरध्वनीने जोडून संदेश देण्याघेण्याची संगणकीय सोय) प्रथम वापरल्याचा दावा आहे, परंतु तो आठवणीवर आधारलेला असून त्या काळचे संभाषण पुराव्यादाखल उपलब्ध नाही. लेखी आधार मिळतो तो ‘फिडोन्यूज’ या बुलेटिन बोर्डांच्या जाळ्याच्या वार्तापत्राच्या ८ मे १९८९ च्या अंकातील संक्षेपसूचीत. सूचीत नोंद होण्याआधी रूप प्रचारात असणारच. म्हणून उगम १९८० च्या दशकात, पण नेमके वर्ष न देता मानणे योग्य. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने मार्च २०११ मध्ये हे रूप स्वीकारले. तीत त्याचा १९६० मधील निराळा अर्थही (‘लिटल ओल्ड लेडी’) नोंदवलेला आहे.

कारणमीमांसा : मोबाइल संदेशाच्या अक्षरमर्यादेतून ही रूपे जन्मली, हा समज कालक्रमाला धरून नाही; पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ चा. मूळ निकड प्रत्यक्ष चालू असलेल्या टंकित संभाषणाची होती. समोरचा गप्प झाला की तो विचार करतो आहे, उठून गेला आहे की जोडणी तुटली आहे, हे पडद्यावरून कळत नसे. ‘एएफके’ (अवे फ्रॉम कीबोर्ड) व ‘बीआरबी’ त्या शांततेचा खुलासा करतात.

एसएमएसने प्रसार मात्र वाढवला. संदेशाचा गाभा १४० बाइटांचा, म्हणजे १,१२० बिटांचा. ७ बिटांच्या अक्षरांत १६० वर्ण मावतात. त्यात एकच देवनागरी अक्षर आले, तर सर्वसाधारणपणे सबंध संदेश १६ बिटांच्या संकेतनात जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्यातही ‘क्षि’ चार जागा घेते : क, हलन्तचिन्ह, ष आणि वेलांटी. लांब संदेशाचे तुकडे पडल्यावर जोडणीच्या माहितीसाठी ६ बाइट खर्च होऊन प्रत्येक तुकड्यात १५३ किंवा ६७ वर्णच उरतात. देवनागरीतला मजकूर रोमन लिपीत टंकण्याकडे कल वाढण्यामागे हेही एक कारण होते.

वापर : रूढ झाल्यावर अर्थ सैल होतो. ‘एलओएल’ आज बहुधा हसण्याची नव्हे, तर वाक्य सौम्य करण्याची खूण असते. ‘आयएमएचओ’ (‘माझ्या मते’) यातील ‘एच’ म्हणजे ‘हम्बल’ (नम्र) की ‘ऑनेस्ट’ (प्रामाणिक), याबाबत वापरकर्त्यांतच दुमत आहे. ‘एलओएल’ म्हणजे ‘लॉट्स ऑफ लव्ह’ असे समजून ते शोकसंदेशात लिहिल्यास अनर्थ होतो. अनोळखी वाचकासाठी पूर्ण रूपच लिहावे. भाषा बिघडण्याची भीतीही आकड्यांत टिकत नाही : कॅनडातील किशोरांच्या चॅटचा टॅग्लियामोंटे व डेनिस यांनी केलेला अभ्यास (२००८) अशा रूपांचे प्रमाण सुमारे २.४ टक्केच दाखवतो.

अन्य भाषा : फ्रेंचमध्ये ‘एमडीआर’ (मोर द रीर, ‘हसून मेलो’) रूढ आहे. थाई भाषेत पाचचा उच्चार ‘हा’ असल्याने ‘५५५’ म्हणजे हसणे. चिनीत ‘८८’ चा उच्चार (‘बा बा’) ‘बाय-बाय’सारखा असल्याने त्याने निरोप घेतात.