सांग्रियातल्या फोडी किती चढतात?

"पेय प्यालात तरी चालेल, पण फोडी खाल्ल्यात तर फसाल. सगळी दारू फळांत उतरलेली असते." सांग्रियाचा, म्हणजे फळांच्या फोडी घातलेल्या स्पॅनिश वाइन-पेयाचा, विषय निघाला की हे कुणीतरी बोलतंच. गोव्यातल्या शॅकवर बोलतं, पुण्यातल्या गच्चीवरच्या पार्टीत बोलतं, आणि हल्ली रील्समध्ये तर फार ठसक्यात बोलतं. याच्या नेमकं उलट सांगणारेही असतात: "अहो, फळांचं सरबतच ते! पोरांनी दोन फोडी खाल्ल्या तर काय बिघडतं?" दोन्ही विधानं चूक आहेत, आणि ती का चूक आहेत हे शाळेच्या पुस्तकातल्या एकाच प्रकरणावरून कळतं: विसरण, म्हणजे रेणूंचं जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरत जाणं. मला हे प्रकरण विज्ञानातलं फार देखणं प्रकरण वाटतं, त्यामुळे पुढे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आधी पदार्थ. स्पेनमधल्या घरात सांग्रियासाठी महागडी वाइन कुणी उघडत नाही. ला मांचा किंवा रिओहा भागातली, तेम्प्रानियो किंवा गार्नाचा द्राक्षांची, लाकडी पिंपात फार दिवस न ठेवलेली कोवळी तांबडी वाइन घेतात. (आपल्याकडे नाशिकची कोवळी शिराझ चालून जाते.) ७५० मिलिलिटरची बाटली, एक संत्रं, एक लिंबू, एक पीच, दोन-तीन चमचे साखर, दालचिनीचा अख्खा तुकडा आणि बऱ्याच घरांत ६० मिलिलिटरच्या आसपास ब्रँडी. फळं चिरून सगळं एकत्र करायचं, काही तास किंवा रात्रभर गार ठेवायचं आणि वाढताना गासेओसा, म्हणजे तिकडचा किंचित गोड सोडा, ओतायचा. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात स्पेनच्या दालनात अमेरिकनांनी हे पेय चाखलं आणि तिकडे त्याचा बोलबाला झाला. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमानुसार बाटलीवर नुसतं 'सांग्रिया' हे नाव फक्त स्पेन आणि पोर्तुगालमध्ये बनलेल्या मालालाच लावता येतं. त्यात अल्कोहोल किमान ४.५ टक्के आणि १२ टक्क्यांहून कमी असावं लागतं, रंग वरून घालता येत नाही. घरच्या भांड्याला अर्थात कुणी लेबल लावत नाही.

आता फोडीकडे वळू. फोड वाइन 'शोषून घेते' असं आपण म्हणतो. पण संत्र्याच्या फोडीत सुमारे ८७ टक्के पाणीच असतं, ती आधीच भरलेली असते. शोषलेलं ठेवणार कुठे? खरं तर अल्कोहोलचे रेणू आत जातात, तसे आतले पाण्याचे रेणू बाहेरही येतात. ही ये-जा कुणी ढकलत नाही की ओढत नाही. प्रत्येक रेणू शेजाऱ्यांच्या धडका खात वाट फुटेल तिकडे जातो. त्याला फळ कुठे आणि वाइन कुठे याचा पत्ता नसतो. मात्र बाहेर अल्कोहोलचे रेणू जास्त आणि आत कमी, म्हणून दर क्षणाला सीमा ओलांडून आत शिरणारे जास्त आणि बाहेर पडणारे कमी. आतली संख्या वाढत जाते तसे बाहेर पडणारेही वाढतात, आणि शेवटी दोन्हींचा वेग सारखा होतो. धडका चालूच, ये-जाही चालूच, पण जमाखर्च शून्य. त्यानंतर फोड आठवडाभर भांड्यात पडून राहिली तरी तिच्यातल्या अल्कोहोलचं प्रमाण भोवतालच्या वाइनच्या वर चढणार नाही.

हिशोबच मांडू. १३ टक्क्यांच्या बाटलीत साधारण ९७ मिलिलिटर अल्कोहोल असतं. ४० टक्क्यांच्या ६० मिलिलिटर ब्रँडीत २४. एकूण १२१. फळं ३०० ग्रॅम धरली तर त्यांतलं पाणी २६० मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे १२१ मिलिलिटर अल्कोहोल आता १०७० मिलिलिटरमध्ये पसरणार: ११.३ टक्के. फळांच्या वाट्याला त्यातलं जेमतेम पाव. म्हणजे 'सगळी दारू फळांत' हे गेलं. पण १०० ग्रॅम फोडींत १० मिलिलिटरच्या आसपास अल्कोहोल आलं, हे विसरू नका. वर ३०० मिलिलिटर सोडा ओतला की पेय ८ टक्क्यांवर येतं, आणि त्याच्या १५० मिलिलिटरच्या पेल्यात होतं १२ मिलिलिटर. तेव्हा वाटीभर फोडी म्हणजे जवळजवळ एक पेला. मुलांना त्या देण्याचा प्रश्नच येत नाही.

"पण आम्ही फळं आधी ब्रँडीत भिजवतो, त्यांचं काय?" हा प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर अनपेक्षित. ६० मिलिलिटर ब्रँडीतलं २४ मिलिलिटर अल्कोहोल फळांच्या २६० मिलिलिटर पाण्यात पूर्ण पसरलं तर प्रमाण होतं ७.५ टक्के. ब्रँडी जहाल असली तरी थोडी आहे, आणि फळं पुष्कळ. ब्रँडीचा खरा उपयोग सालीतलं सुगंधी तेल सोडवण्यासाठी होतो. ते तेल पाण्यात जवळपास विरघळत नाही, वाइनमध्ये थोडं, आणि ४० टक्क्यांच्या ब्रँडीत बऱ्यापैकी.

आता माझा आवडता भाग: वेळ किती लागतो? १८५५ मध्ये आडोल्फ फिक या तरुण जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने विसरणाचा नियम मांडला: प्रमाणातला उतार जितका तीव्र, तितका रेणूंचा ओघ मोठा. पण एकेका रेणूची चाल समजायला १९०५ उजाडलं. त्या वर्षी कार्ल पिअरसन या गणितज्ञाने 'नेचर' साप्ताहिकात एक कोडं विचारलं. एक माणूस सरळ काही अंतर चालतो, मग कुठल्याही दिशेला वळून पुन्हा तेवढंच चालतो, आणि असं वारंवार करतो. तो मूळ जागेपासून किती लांब असेल? लॉर्ड रॅले या इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञाने ध्वनीच्या कंपनांसंदर्भात हेच गणित आधीच सोडवलं होतं. त्यावर पिअरसनने काढलेला निष्कर्ष आपल्या विषयाला अगदी शोभतो: मोकळ्या माळावर झिंगलेला माणूस शोधायचा असेल, तर तो निघाला तिथेच आसपास सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. शंभर पावलं टाकली तरी अंतर कापलं जातं सरासरी दहा पावलांचं. त्याच वर्षी आइन्स्टाइनने द्रवातल्या कणांसाठी हेच दाखवलं: कापलेल्या अंतराचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट आत जायचं तर चौपट वेळ.

आकडे घालून पाहू. साधारण खोलीच्या तापमानाला पाण्यात अल्कोहोलचा विसरणांक, म्हणजे ते किती भरभर पसरतं ते सांगणारा आकडा, सेकंदाला सुमारे १.२ × १०⁻⁹ वर्गमीटर असतो. एक सेंटिमीटर जाडीच्या फोडीत दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत ५ मिलिमीटर. ५ मिलिमीटरचा वर्ग भागिले विसरणांक, म्हणजे सुमारे २१ हजार सेकंद: सहा तासांच्या जरा आत. फोड अर्धा सेंटिमीटर कापली तर दीड तास. दोन मिलिमीटरच्या पातळ चकतीला पाव तास पुरे. आणि हौसेने अख्खं संत्रं सोडलं तर दहा-बारा दिवस, तेही सालीचा मेणचट थर आडवा येत नाही असं धरून. फळाच्या पेशींचे अडथळे मोजलेले नाहीत, आणि फ्रिजमधल्या ५ अंशांना हा वेग निम्म्यावर येतो. 'रात्रभर ठेवा' असं पाककृतीत लिहिणाऱ्यांनी फिकचं समीकरण पाहिलेलं नसणार, पण उत्तर बरोबर काढलंय.

याचा पुरावा सुरीने कापून बघता येतो. सफरचंदाची जाड फोड रात्रभर वाइनमध्ये ठेवा आणि सकाळी मधोमध चिरा. कडेला तांबडी पट्टी, आत पांढरा गर. तांबडा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा. त्यांचे रेणू अल्कोहोलच्या दहापट जड, शिवाय पेशीभित्तिकांना चिकटतात, म्हणून मागे पडतात. रंग जिथे थांबला तिथे अल्कोहोल थांबलेलं नसतं. वाइन नको असेल तर कोकमाच्या पाण्यात करा. तिथलाही रंग अँथोसायनिनचाच.

साखरेची गोष्ट वेगळी. पेशीपटलातून अल्कोहोलचा छोटा रेणू सहज जातो, साखरेचा मोठा रेणू अडतो. म्हणून चिरलेल्या फळांवर साखर भुरभुरली की पाणीच बाहेर येतं, कोशिंबिरीतल्या काकडीला मीठ लागल्यावर सुटतं तसं. हे परासरण. पुढे तासन् तास अल्कोहोलमध्ये राहून पेशीपटलं खिळखिळी होतात, फोड मऊ पडते आणि आतली साखर, आम्लं, सुवास सगळंच पाझरू लागतं. फळाची खरी चव पेयात उतरते ती इथे.

आणि कडूपणाही इथेच उतरतो. मोसंबीचा रस काढून तासभर ठेवला की कडू लागतो, हा आपल्या घराघरातला अनुभव. मोसंबी आणि स्पेनमधली गोड संत्री वनस्पतिशास्त्रात एकाच जातीची, सिट्रस सायनेन्सिस (नागपुरी संत्रं मात्र निराळं). या फळांच्या पेशींत एक बेचव द्रव्य असतं. पेशी फुटून ते आम्लाच्या संपर्कात आलं की त्याच्या रेणूतलं एक उघडं कडं हळूहळू मिटतं आणि तयार होतं लिमोनिन. ते लिटरमध्ये ५-६ मिलिग्रॅम असलं तरी जिभेला कळतं. हे द्रव्य बियांत, पांढऱ्या सालीत आणि फोडींच्या पापुद्र्यांत जास्त असतं. तेव्हा बिया काढा, पांढरा भाग खरवडा, साल हवी असेल तर वरची नारिंगी तेवढी पातळ सोलून घाला. नाहीतर तेच संत्रं चार तासांनी बाहेर काढून पीच रात्रभर राहू द्या.

जाता जाता, 'रेड वाइन, वर फळं, म्हणजे दुप्पट अँटिऑक्सिडंट' या जाहिरातबाजीबद्दल. रेड वाइनमधल्या ज्या रेसव्हेरट्रॉल नावाच्या अँटिऑक्सिडंटचा एवढा गाजावाजा होतो, ते लिटरभर वाइनमध्ये साधारण काही मिलिग्रॅम असतं. माणसांवरच्या चाचण्यांत ते शेकडो मिलिग्रॅम देतात. अल्कोहोल माणसात कर्करोग घडवतं, ही नोंद आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच केली. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही असं स्पष्ट सांगितलं. चवीसाठी प्यायची तर प्या, औषध म्हणून नको. त्यात गारवा आणि साखर मिळून वाइनचा तुरटपणा झाकतात, त्यामुळे ८ टक्क्यांचं पेय सरबतासारखं घटाघटा जातं.

राहिला सोडा. तो रात्रीच ओतला तर सकाळी उरतं फक्त पाणी. कार्बन डायऑक्साइड ५ अंशांच्या पाण्यात २५ अंशांपेक्षा जवळजवळ दुप्पट विरघळतो, म्हणून सोडा आणि वाइन दोन्ही थंडगार असताना, पेले समोर मांडल्यावरच ओतावा. फोडींच्या खडबडीत कडांवर वायूचे बुडबुडे पटापट धरतात आणि सुटतात. फसफस टिकवायची असेल तर निम्म्या फोडी त्याआधी बाहेर काढाव्यात.