रेगेन्सबुर्ग : आजी-आजोबा आणि मुलांसह एक दिवस

गावाकडून आई-बाबा आले की पहिल्या सुट्टीला त्यांना कुठे न्यायचं, हा प्रश्न म्युनिकच्या बहुतेक मराठी घरांत पडतो. नॉयश्वानश्टाइनचा राजवाडा सगळ्यांनाच ठाऊक असतो. तो देखणा आहेच, पण तिथे चढण आहे आणि आत शिरायची वेळ तिकिटावर ठरलेली असते. सोबत दुखरे गुडघे आणि लहान मुलं असतील, तर आमच्या एक दिवसाच्या सहलीसाठी आम्ही डॅन्यूब नदीकाठचं रेगेन्सबुर्ग सुचवतो. जुनं शहर जवळपास सपाट आहे, पायी फिरता येतं, आणि दुसऱ्या महायुद्धात फारसं पडलं नाही. त्यामुळे इथे दिसतं ते बहुतांशी खरंच जुनं आहे. २००६ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

जाणं-येणं

म्युनिकहून प्रादेशिक गाडीने साधारण दीड तास लागतो. बायर्न तिकिटावर (बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्याचं एक दिवसाचं तिकीट) पाच जणांपर्यंत प्रवास होतो, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच. शनिवार-रविवारी ही अट नाही. हे तिकीट आयसीई या जलद गाडीत चालत नाही. प्रवाशांची नावं तिकिटावर लिहावी लागतात. ते काम आम्ही आधीच करून ठेवतो.

काय पाहायचं

स्टेशनवरून जुन्या शहरात चालत पोहोचतो. वाटेत आम्ही पोर्टा प्रेटोरियापाशी थांबतो. मार्कस ऑरेलियस या रोमन सम्राटाच्या काळात, इ.स. १७९ मध्ये, इथे सैन्याचा तळ उभा राहिला. हा त्याचा उत्तरेकडचा दरवाजा. नंतरच्या इमारतीच्या भिंतीत ते प्रचंड दगड तसेच राहिले आहेत. हात लावून पाहा, मुलांनाही लावू द्या.

मग दगडी पूल. दिवसातला सगळ्यात जास्त वेळ आम्ही इथेच ठेवतो. डॅन्यूबवरचा हा तीनशे मीटरहून थोडा लांब पूल ११३५ ते ११४६ या काळात बांधला. खांब पाण्यात रोवलेल्या छोट्या बेटांवर उभे आहेत. त्यामुळे नदीची वाट अरुंद होते आणि कमानींखालून पाणी खळाळत, भोवरे घेत बाहेर पडतं. कठड्यावरून ते पाहण्यात मुलं तासभर रमतात, फक्त कडेला पाण्यात कोणी उतरायचं नाही. पुलावर मोटारी येत नाहीत, म्हणून आजोबांना मध्यावर निवांत उभं राहता येतं.

इथली दंतकथा मुलांना नक्की सांगा. पूल बांधणाऱ्याने चर्च बांधणाऱ्याशी ‘आधी कोण पूर्ण करतो’ अशी पैज लावली आणि सैतानाची मदत घेतली. मोबदला काय, तर पुलावरून पहिले जाणारे तीन जीव. त्याने कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा सोडला! चिडलेल्या सैतानाने खालून धडक दिली, म्हणून पूल मध्ये उंचावलेला आहे. खरं तर आजच्या चर्चचं काम पूल झाल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी सुरू झालं. हे मोठ्या मुलांना स्वतः शोधू दिलं की त्यांना फार आवडतं.

ते चर्च म्हणजे सेंट पीटर कॅथीड्रल. त्याचे दोन मनोरे १८६९ मध्ये पूर्ण झाले. आतल्या रंगीत काचा पाहताना हसऱ्या देवदूताची मूर्ती चुकवू नका: तेराव्या शतकातला, खुलून हसणारा गॅब्रिएल, आणि समोर मरिया. इथल्या मुलांच्या गायनवृंदाची परंपरा ९७५ पासूनची आहे. शाळेच्या दिवसांत रविवारी सकाळच्या मिस्साला तो ऐकायला मिळू शकतो. मात्र प्रार्थना चालू असताना आत फिरायची परवानगी नसते.

खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरचं निधन १६३० मध्ये याच शहरात झालं. थकलेलं वेतन मागायला तो इथे आला होता. ज्या घरात तो वारला, तिथे आता छोटं संग्रहालय आहे. खगोलशास्त्राची आवड असलेल्यांनी जरूर सांगावं, तेवढा वेळ काढतो. जुन्या टाउनहॉलमधलं सभागृह मार्गदर्शकासोबतच पाहता येतं. त्याच भेटीत तळघरातली छळकोठडीही दाखवतात, म्हणून लहान मुलं असलेल्यांना आम्ही ते सुचवत नाही.

खाणं

पुलाजवळच्या जुन्या खाणावळीत डुकराच्या मांसाचे सॉसेज मिळतात. शाकाहारींसाठी ब्रेत्सेल (गाठीच्या आकाराचा खारा पाव), बटाट्याची थालीपिठासारखी धिरडी किंवा चीज घातलेलं श्पेत्सले (पिठाच्या मऊ शेवया). श्पेत्सलेत अंडं असतं, आणि बटाट्याच्या धिरड्यांतही बहुधा असतं, हे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. उपवास असेल तर डबा घरूनच घ्या. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा बिस्किटं, फळं आदल्या दिवशीच आणून ठेवा.

सोबत ठेवा

फरशी खडबडीत दगडांची आहे, त्यामुळे चपला नकोत, बूट हवेत. नदीकाठी वारा असतो. उन्हाळ्यातही आजीची शाल घ्या. सार्वजनिक शौचालयासाठी युरोची सुट्टी नाणी लागतात.

आमच्या शुल्कात रेल्वे तिकीट आणि मराठीत माहिती सांगणारा सोबती येतो. जेवण आणि प्रवेश तिकिटं ज्याची त्याने काढायची. नोंदणी करताना मुलांची वयं, पथ्यपाणी आणि कोणाला किती चालवतं, हे मोकळेपणाने सांगा. वाटेतले थांबे आम्ही त्यावरूनच ठरवतो.