आधी तूस मुठीत घेऊन बघा: परसात कोंबड्या पाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

जून लागला की आमच्या दुकानाचा फोन सकाळी सातलाच वाजायला लागतो. प्रश्न बहुतेक वेळा एकच: "कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात बसलीय, औषध काय देऊ?" आम्ही उलट विचारतो, खुराड्यातलं तूस मुठीत दाबून बघितलंत का? मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर निम्मं दुखणं तिथेच आहे. तूस बोटांतून सुटं होऊन पडलं पाहिजे.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सत्तरी-सांग्याकडे त्याहून जास्त. कोंबडी थंडी सोसते, ऊनही सावली मिळाली तर सोसते, पायाखालची ओल मात्र तिला सोसत नाही. दर पावसाळ्यात हेच फोनवर शंभरदा सांगण्यापेक्षा एकदा छापलेलं बरं, म्हणून हे पत्रक.

काय नेताय ते समजून न्या

आमच्याकडे तीन प्रकारच्या तलंगा, म्हणजे अजून अंडी न धरलेल्या तरुण कोंबड्या, मिळतात. गावठी, गिरिराज आणि ग्रामप्रिया. गिरिराज बंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झाली, ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात. गावठी वर्षाला ५० ते ७० अंडी देते, पण चपळ असते, स्वतःचं पोट बरंचसं स्वतः भरते आणि पिल्लं काढते. ग्रामप्रियेला नीट खाद्य मिळालं तर ती दीडशेच्या पुढे जाते. गिरिराज अंगाने भरते, अंडी मध्यम संख्येने देते आणि मुंगसापुढून पळताना मागे पडते. ज्यांच्या घराला लागून डोंगर किंवा काजूची बाग आहे त्यांनी सगळ्या गिरिराज नेऊ नयेत, असं आमचं मत. विक्री कमी झाली तरी चालेल.

आणि पाच कोंबड्या नेल्या म्हणून रोज पाच अंडी मिळत नाहीत. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले सुमारे २० तास नुसत्या कवचावर जातात. त्यामुळे आज सकाळी आठला घातलं तर उद्या नऊला, परवा दहाला, असं सरकत सरकत एक दिवस खाडा पडतो. अंडी धरायला ग्रामप्रियेला साधारण पाच महिने लागतात, गावठीला सहा-सात. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही. कोंबडा हवा तो पिल्लांसाठी, आणि पहाटे शेजाऱ्यांशी भांडण हवं असेल तर.

खुराडं

जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, चिऱ्यांवर बसवलेलं. पावसाची झड आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येते, तेव्हा त्या बाजूची भिंत बंद, आणि छप्पर चारही बाजूंनी हातभर बाहेर. वरच्या बाजूला मात्र वारा खेळता हवा. पावसाच्या भीतीने प्लास्टिकने चहूकडून गुंडाळलेलं खुराडं आम्ही दर जुलैत बघतो. आत कोंबड्यांच्या श्वासाची आणि शिटेची वाफ कोंडते आणि बाहेरचा पाऊस न लागताही तूस भिजतं. तपासायचं असेल तर सकाळी दार उघडल्याबरोबर कोंबडीच्या उंचीला वाकून श्वास घ्या. तुमचे डोळे चुरचुरले तर तिने रात्रभर तेच हुंगलंय.

तूस चार बोटं जाड पसरा आणि दोन-तीन दिवसांनी खालवर करा. पाण्याच्या भांड्याजवळचं तूस सगळ्यात आधी भिजतं, तेवढंच काढून नवं टाका. भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवलं की सांडणं निम्म्याने कमी होतं. विरवलेला चुना हलक्या हाताने भुरभुरला तर चालतो. कळीचा चुना नको, पाय भाजतात.

जाळी अर्ध्या इंचाची वेल्डची घ्या. षटकोनी स्वस्त जाळी कोंबडीला आत ठेवते, उदमांजराला बाहेर ठेवत नाही. अजगराला तर दारातली फट पुरते.

खाणं

अंड्यावरची कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते आणि त्याच्या दुप्पट पाणी पिते, एप्रिल-मेमध्ये त्याहूनही जास्त. तिला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, आणि सतत धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या अंड्याचं कवच पातळ पडतं. त्या दिवसांत माठातलं पाणी दुपारी एकदा बदला.

उकड्या तांदळाचा शिळा भात, पेजेतली शितं, लाल माठाचे देठ, मोरिंगेचा म्हणजे शेवग्याचा पाला, सगळं चालतं. पण ते तोंडी लावणं, जेवण नव्हे. नुसत्या भातावरची कोंबडी जाड होते आणि अंडी थांबवते. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवणीच्या, डब्यातली सुकी खारवलेली मासळी खराब झाली म्हणून कोंबड्यांपुढे टाकू नका, मीठ त्यांना बाधतं. खोबऱ्याची किंवा शेंगदाण्याची पेंड पावसाळ्यात एका आठवड्यापुरतीच आणा. बुरशी धरलेली पेंड उन्हात वाळवली तरी तिच्यातलं विष जात नाही, आणि ते कोंबडीच्या यकृतावर बसतं. अशी पेंड माडाच्या आळ्यात टाका.

कवचासाठी बाजारातून वेगळं काही आणायची गरज नाही. घरी तिसऱ्या किंवा खुबे होतातच. रिकाम्या शिंपल्या धुऊन खारटपणा घालवा, चुलीत किंवा तव्यावर कडक भाजा आणि पाट्यावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कुटा. एकदम पीठ करू नका. खडे पोटात सावकाश विरघळतात आणि रात्री कवच बनताना कामाला येतात. वेगळ्या करवंटीत ठेवा, खाद्यात मिसळू नका. जिला हवं ती खाते. अंडी न धरलेल्या तलंगांना मात्र अंड्यावरच्या कोंबडीचं चुनायुक्त खाद्य देऊ नये, मूत्रपिंडं बिघडतात.

अंडी

पावसात अंड्याला चिखल लागतो आणि लोक ती नळाखाली धरतात. नका धरू. कवचावर एक नैसर्गिक पातळ लेप असतो, तो धुतला की बारीक छिद्रं उघडी पडतात, आणि गार पाण्यात अंडं आकसून बाहेरची घाण आत ओढतं. कोरड्या फडक्याने पुसा. फारच बरबटलं असेल तर कोमट पाण्याने धुऊन त्याच दिवशी नीट उकडून खा. त्याहून सोपा उपाय म्हणजे घालायच्या टोपलीत दर चार दिवसांनी नवा पेंढा.

तपकिरी कवच म्हणजे गावठी आणि पौष्टिक, असं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणी सांगितलं तर हसून पुढे व्हा. कवचाचा रंग जातीवर असतो, बलकाचा रंग खाण्यावर. पाला आणि पिवळा मका खाल्ला की बलक केशरी होतो. बलकाजवळ रक्ताचा ठिपका दिसला तर ती अंडं तयार होताना कोंबडीच्या आत फुटलेली बारीक शीर, त्यात पिल्लू नसतं.

श्रावणात बऱ्याच घरी अंडी खात नाहीत, आणि कोंबड्यांना श्रावण कळत नाही. न धुतलेली अंडी फ्रिजमध्ये तीन आठवडे सहज राहतात. शंका आली तर पाण्यात सोडा. ताजं आडवं तळाशी बसतं, जुनं उभं राहतं, तरंगलं ते टाका. गावठी कोंबडी खुडूक, म्हणजे उबवायला, बसली असेल आणि कोंबडा असेल, तर ताजी अंडी तिच्याखाली ठेवून द्या. २१ दिवसांनी गणपतीच्या चवथीच्या सुमारास घरात पिल्लं. चवथीला मूळ घरी जाणाऱ्यांनी मात्र कोंबड्यांचं कोण बघणार ते आधी ठरवा. पाच दिवसांचं खाद्य एकदम ओतून गेलात तर परत येईपर्यंत निम्मं आंबलेलं असतं.

डिसेंबरात आपल्याकडे दिवस सव्वाअकरा तासांवर येतो आणि अंडी कमी होतात. त्याच सुमारास काही कोंबड्या पिसं गाळतात, उघड्याबोडक्या दिसतात आणि दोन-तीन महिने अंडी बंद ठेवतात. हा आजार नाही. औषध मागायला येऊ नका, आम्ही देणार नाही.

आजार

रक्ती हगवण पिल्लांना आणि लहान तलंगांना होते, आणि तिचं मूळ ओलं तूस. शिटेतून पडलेले जंतू उबदार ओलीत एक-दोन दिवसांत लागण करायला तयार होतात. शिटेत रक्त दिसलं की तूस सगळं बदला आणि त्याच दिवशी पशुवैद्याला गाठा. औषध पाण्यातून देता येतं, पण उशीर चालत नाही. देवी डासांमुळे पसरतात. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खपल्या येतात. त्या नखाने काढू नका, तीनेक आठवड्यांत आपोआप गळतात. चोचीच्या आत पांढरे चट्टे दिसले तर मात्र दाखवा.

मानमोडीला, म्हणजे राणीखेतला, उपचार नाही. फक्त लस. आमच्या तलंगांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा थेंब आणि आठव्या आठवड्यात इंजेक्शन दिलेलं असतं. तारखा तुमच्या पावतीच्या मागे लिहिल्या आहेत, पावती जपा. पुढचा डोस पशुवैद्याला विचारून. लशीची कुपी शंभरेक पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा वाड्यावरच्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवलेला परवडतो.

यातली चूक आम्हीही करून बसलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका आठवडी बाजारातून एक देखणा कोंबडा आणला, तुरा असा की बघत राहावं. संध्याकाळी थेट घरच्या कोंबड्यांत सोडला. पाचव्या दिवशी एकीची मान पिळल्यासारखी वळली, दुसरीने हिरवट पातळ शिटलं. चौदातल्या अकरा गेल्या. कोंबडा शेवटपर्यंत ठणठणीत होता. तेव्हापासून आमच्याकडे नवा पक्षी तीन आठवडे लांबच्या खुराड्यात राहतो, त्याला खाद्य शेवटी घालतो आणि मग हात-पाय धुतो. आमच्याकडून नेलेल्या तलंगांनाही तसंच ठेवा. आमच्यावरही आंधळा विश्वास नको.

एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर ते शिजवू नका, ओहळात टाकू नका, कुणाला देऊही नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी कळवा, मग ते सांगतील तसं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

नेताना

येताना भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका आणा. स्कूटरच्या हँडलला पाय बांधून उलट्या लटकावलेल्या तलंगा आम्ही देत नाही, पैसे परत करू. संध्याकाळी न्या, अंधारात खुराड्यात (घरी आधीच्या कोंबड्या असतील तर लांबच्या) सोडा आणि पहिले तीन दिवस बाहेर काढू नका, म्हणजे चौथ्या दिवशी दिवेलागणीला आपणहून परत येतात. दुकान दुपारी १ ते ४ बंद असतं. त्या वेळात आजारी कोंबडी घेऊन आलात तर मागच्या दाराची कडी वाजवा, आणि खोका पायरीवर उन्हात ठेवू नका, फणसाखाली ठेवा.