बालजादूच्या प्रयोगातला तिरंगा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शाळांचे मुख्याध्यापक, गणेश मंडळांचे कार्यकर्ते, वाढदिवसाला प्रयोग ठेवणारे आई-वडील आणि आमच्याकडून साहित्य नेणारे जादूगार, सर्वांना नमस्कार.

आम्ही नांदेडात जादूचं साहित्य बनवतो आणि परभणी, हिंगोली, लातूरपर्यंत शाळाशाळांतून प्रयोगही करतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर (मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन) या तीन दिवसांच्या आधी आमचा फोन खाली ठेवता येत नाही. प्रत्येकाची मागणी एकच असते, "तिरंग्याचा आयटम आहे ना?" आहे. पण तो आम्ही मुळापासून बदलला आहे. कशासाठी बदलला आणि आता तो कसा करायचा, हे सांगायला हे पत्रक काढलं आहे.

जुना आयटम तुम्ही पाहिलेला असेल. केशरी, पांढरा आणि हिरवा असे तीन सिल्कचे रुमाल नळीत कोंबायचे, फुंकर मारायची आणि दुसऱ्या टोकाने छापील तिरंगा ओढून काढायचा. टाळ्या हमखास. आम्हीही तो कैक वर्षं केला. एका २६ जानेवारीला जिल्हा परिषदेच्या एका शाळेत तिरंगा निघाला, टाळ्या झाल्या, आणि पुढच्या आयटमसाठी टेबल मोकळं करायचं म्हणून आमच्या माणसाने तो दोन बोटांनी पुन्हा नळीत कोंबला. सतरंजीवर पुढच्याच रांगेत बसलेलं तिसरीतलं एक लेकरू म्हणालं, "सर, घडी राहिली." आवाजात तक्रार नव्हती. राहिलेलं काम आठवून द्यावं, तसं ते बोललं. आदल्याच दिवशी त्यांच्या बाईंनी वर्गात झेंड्याची घडी शिकवली होती, हे नंतर कळलं.

त्या दिवशी घरी आल्यावर आम्ही ध्वजसंहिता पहिल्यांदा नीट वाचली. हे आधीच करायला हवं होतं.

रुमालावरचा झेंडा

नियम दोन ठिकाणी आहेत. एक, भारतीय ध्वजसंहिता, जी २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. दोन, राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१. यात सार्वजनिक ठिकाणी झेंडा जाळणं, फाडणं, विद्रूप करणं किंवा तुडवणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही सांगितलं आहे. आमच्या धंद्याला लागू पडणाऱ्या गोष्टी मात्र पुढच्या बारकाव्यांत आहेत. झेंडा म्हणजे फक्त काठीवरचं कापड नव्हे. कुठल्याही वस्तूवर काढलेलं किंवा छापलेलं त्याचं चित्रही कायद्याच्या नजरेत झेंडाच आहे. आणि हातरुमालावर, उशीवर, अंगावरच्या कपड्यावर झेंडा छापू किंवा भरतकामात काढू नये, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. जादूतलं 'सिल्क' म्हणजे दुसरं काय? रुमालच.

हे रुमाल असतातही चौकोनी, बहुतेक अठरा इंची. राष्ट्रध्वजाची लांबी आणि उंची यांचं प्रमाण तीनास दोन. चौरसावर तिरंगा बसवायचा म्हटलं की पट्टे फुगतात आणि चक्र अंडाकृती होतं. एकदा बाहेरून मागवलेल्या गठ्ठ्यातला रुमाल आम्ही खिडकीपाशी धरून चक्राचे आरे मोजले. सोळा भरले. हवेत चोवीस. वर छपाई एकाच बाजूने, त्यामुळे उलट बाजूला चक्राचा नुसता निळसर डाग. ज्या लेकरांना आपण चोवीस आरे पाठ करायला लावतो, त्यांच्यासमोर आपण हे नाचवत होतो. तो गठ्ठा आम्ही विकला नाही, आणि तिरंगा छापलेला रुमाल आता आमच्याकडे कुणालाच मिळणार नाही. कृपया आग्रह करू नये.

नवा आयटम

आमचा नियम सरळ आहे. जादू रंगांवर करायची, झेंड्यावर करायची नाही. झेंडा शेवटी यावा, पूर्ण यावा, आणि आल्यावर त्याच्याशी कसलाही खेळ होऊ नये.

संचात केशरी, पांढरा आणि हिरवा असे तीन कोरे रुमाल मिळतात. त्यांवर चक्र नाही की पट्टा नाही. ते कोंबा, गाठी मारा, लेकरांच्या हातात द्या, गायब करा. हरकत नाही, कारण ते फक्त रंग आहेत. सोबत दोन फूट उंचीची उभी पेटी असते. तिच्यात काठीला गुंडाळलेला खरा झेंडा उभाच राहतो, केशरी वर. पेटीचं गुपित इथे फोडत नाही. संच नेताना दाखवू. गुंडाळून ठेवण्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. झेंडावंदनालाही तो बांधलेलाच दोरीवर असतो आणि मग उलगडतो. चुरगाळून बोटावर चढवायच्या पोकळ टोपणात दडवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ते आम्ही बंद केलं आहे.

झेंडा आम्ही ४५० बाय ३०० मिलिमीटरचा ठेवतो. ते ध्वजसंहितेतल्या ठरलेल्या मापांपैकी एक आहे. डिसेंबर २०२१ मधल्या दुरुस्तीनंतर यंत्रावरचा आणि पॉलिएस्टरचा झेंडाही चालतो. तरी आम्ही खादीचाच सुचवतो. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आपल्या नांदेडात आहे, राष्ट्रध्वज इथे शिवले जातात, मग बाहेरून कशाला आणायचा? खादी जरा जड असते, त्यामुळे पेटीतून निघाल्यावर झेंडा सुरेख पडतो, सिल्कसारखा अंगाला चिकटत नाही.

आता करण्याची रीत. ध्वजसंहिता म्हणते, झेंडा चटकन चढवावा आणि सावकाश, आदराने उतरवावा. रंगमंचासाठी याहून चांगली सूचना कुठला उस्ताद देईल असं आम्हाला वाटत नाही. पेटीतून झेंडा एका हालचालीत वर घ्या, काठी सरळ धरा आणि थांबा. बोलू नका. मनात दहा आकडे मोजा. मग दोन लेकरांना वर बोलवा आणि घडी घालायला लावा. झेंडा आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी असं आत घ्यायचं की वर चक्र आणि केशरी-हिरव्याची थोडी कड दिसत राहील. ही घडी तळहातांवर ठेवून न्यायची. ज्या शाळेत हे केलं तिथे सगळं पटांगण चिडीचूप होऊन बघत होतं. टाळ्या घडी झाल्यावर पडल्या. आमच्या मते आयटम तिथे संपतो; त्यानंतर पोपटाचा विनोद लगेच लावू नका, पाणी प्या, मग पुढे चला.

एक रंग विसरण्याचा खेळ

जादूगारांनो, हे खास तुमच्यासाठी. तीनपैकी एक रुमाल 'चुकून' खाली राहतो आणि झेंडा एका रंगाविना निघतो. लेकरं ओरडतात, मग तो दुरुस्त होतो. हा जगभर चालणारा जुना आयटम आहे आणि हशा पिकवण्यात त्याला तोड नाही. पण हसायचं काय, तर हिरवा पट्टा नसलेला तिरंगा? आपल्याकडे ते नको. झेंडा कापून जोडणं, जाळून परत आणणं हेही नको, भले एक दोराही तुटत नसेल. लेकराला कात्री दिसते, तुमची हातचलाखी दिसत नाही.

त्याच खेळासाठी आम्ही पोळ्याचा बैल केला आहे. शिंगांना लावायचा हिंगूळ, झुलीचा पिवळा आणि गोंड्यांचा निळा असे तीन रुमाल आत जातात. हिंगूळ खाली राहतो आणि बैल बोडख्या शिंगांचा निघतो. गावाकडची लेकरं तर गडाबडा लोळतात, कारण शिंगं न रंगवता पोळ्याला बैल नेणाऱ्याची फजिती त्यांना घरची माहीत असते.

देशोदेशीचे झेंडे

टोपीतून झेंड्यांची माळ काढण्याचा आयटम आम्ही विकतो, पण त्या माळेत तिरंगा नसतो. तोरण, पताका किंवा सजावट म्हणून तिरंगा वापरू नये, असा नियम आहे. दुसऱ्यांचे झेंडे म्हणून ते जमिनीवर लोळू द्यावेत, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. माळ धरायला दोन लेकरं उभी करा. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर कलमा लिहिलेला आहे, म्हणून तो आम्ही संचातून काढूनच टाकला. श्रद्धेची अक्षरं टोपीत कोंबायला आमचा हात धजत नाही.

आणि ओळख पक्की ठेवा. नायजरचा झेंडा नारिंगी, पांढरा, हिरवा, मध्ये नारिंगी गोल. स्वस्तातल्या संचांत तो भारताचा म्हणून खपवलेला आम्ही पाहिला आहे. आयर्लंड आणि आयव्हरी कोस्टच्या झेंड्यांत हेच तीन रंग उभे असतात. सगळे झेंडे काठ्यांवर ओळीने लावणार असाल तर सारख्या मापाचे घ्या. तिरंगा टोकाला, प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहिलेल्याच्या उजव्या हाताला, म्हणजे प्रेक्षकांच्या डावीकडे.

आणखी थोडं

तिरंग्यातून चॉकलेटं, पेढे, कबुतर काढू नका. झेंड्यात काही ठेवणं किंवा वाहून नेणं चालत नाही. सूट आहे ती झेंडावंदनाला उलगडण्यापूर्वी आत ठेवलेल्या पाकळ्यांपुरती. टेबलावर अंथरू नका, पेटीवर झाकू नका. जादूगाराच्या जाकिटाच्या कापडावर झेंडा छापलेला नको. मंडपाचा दोर किंवा भोंगा ध्वजस्तंभाला बांधू नका, हे मंडळांना विशेष सांगणं. आयटमच्या मागे राष्ट्रगीत लावू नका. ते लागलं की जादूगारासकट सगळ्यांनी हातातलं ठेवून उभं राहायचं असतं.

प्लास्टिकच्या झेंड्यांवर १ जुलै २०२२ पासून बंदीच आहे. कागदी झेंडे वाटणार असाल तर सुटताना एक बाई आणि एक सर ते परत घ्यायला फाटकावर टोपली घेऊन उभे राहू द्या.

वाढदिवसाच्या तिरंगी केकबद्दल पालक विचारतात. कोइमतूरला २०१३ च्या नाताळात तिरंगा आणि चक्र असलेला मोठा केक कापल्याचं प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं होतं. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने तो गुन्हा ठरत नाही असं सांगितलं. तेव्हा घाबरायचं कारण नाही. तरीही आमच्या प्रयोगात आम्ही त्यावर सुरी चालवत नाही. पाच वर्षांच्या लेकराला न्यायालयाचा निकाल समजावता येत नाही, सुरी कुठे टेकली ते त्याला दिसतं.

मराठवाड्यात हे जपायला आपल्याला जास्तीचं एक कारण आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. इथे तिरंगा लावणारी माणसं तुरुंगात गेली. आपल्याकडे तो १७ सप्टेंबर १९४८ नंतर मोकळेपणाने फडकला, तेरा महिने उशिरा. १७ सप्टेंबरचा प्रयोग असेल तर झेंडा वर धरून थांबता, त्याच्या आधी एवढी दोन वाक्यं लेकरांना सांगा.

जुने रुमाल

आमच्याकडून पूर्वी नेलेले तिरंगा छापलेले रुमाल परत आणून द्या. बदल्यात कोऱ्या रुमालांचा संच देतो, पैसे घेत नाही. फाटलेले, विटलेले असले तरी आणा, कचऱ्यात टाकू नका, पुसायला घेऊ नका. ध्वजसंहितेत सांगितल्याप्रमाणे ते आम्ही खाजगीत, पूर्णपणे आणि आदराने जाळून नष्ट करतो.

१७ सप्टेंबरसाठी संच हवा असेल तर पोळ्याच्या आधी सांगून ठेवा. रुमाल आम्ही हाताने रंगवतो, आणि पावसाळ्यात केशरी वाळायला चार दिवस जास्त लागतात.