एनएमएमएस शिष्यवृत्ती: परीक्षा पास, तरी पैसे का अडकतात?

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजना परीक्षा. एवढं लांब नाव कोणी घेत नाही, शाळेत सगळे एनएमएमएस म्हणतात. आठवीत असताना द्यायची असते. निवड झाली की नववी ते बारावी महिन्याला १,००० रुपये, म्हणजे वर्षाचे १२,००० आणि चार वर्षांचे ४८,०००. योजना केंद्र सरकारची, २००८ पासूनची. आपल्याकडे परीक्षा घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. राज्याचा कोटा ११,६८२ मुलांचा. नागपुरात मनपा, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतली मुलं दरवर्षी बसतात. पेपर त्यांना जमतो. गाडी अडते ती कागदांवर, आणि त्यातही आठवी संपून नववी सुरू होते त्या सांध्यावर.

आधी पात्रता. शाळा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय विद्यालय, सैनिकी शाळा बाद. शासकीय वसतिगृहाची, जेवणाची आणि शिक्षणाची सोय एकत्र मिळते अशा निवासी शाळेतली मुलंही बाद. हे ऐकून आश्रमशाळेतल्या मुलांचे पालक हमखास चिडतात, पण नियम तसाच आहे. शहरातल्या पालकांची फसगत वेगळीच होते. शाळा अनुदानित, बोर्डावरही तसंच लिहिलेलं, पण मुलाची तुकडी विनाअनुदानित. फॉर्म भरायच्या आधी मुख्याध्यापकांना सरळ विचारा, ‘आमच्या मुलाची तुकडी अनुदानावर आहे का?’ शाळेच्या कार्यालयात हे एका मिनिटात कळतं.

दुसरी अट सातवीच्या गुणांची: किमान ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५०. ओबीसींना यात सवलत नाही, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. आता गंमत बघा. अट टक्क्यांची आणि प्रगतिपत्रकावर श्रेणी! क-१ श्रेणी म्हणजे ५१ ते ६० टक्के. म्हणजे क-१ मिळालेलं खुल्या किंवा ओबीसी प्रवर्गातलं मूल पात्रही असू शकतं आणि अपात्रही. अंदाजाने टक्के टाकू नका. वर्गशिक्षकांकडे दोन्ही सत्रांची गुणनोंद असते, त्यावरून टक्केवारी काढून घ्या आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा कागद जपून ठेवा.

उत्पन्नाचा दाखला

मर्यादा वर्षाला साडेतीन लाखांची. हे उत्पन्न आई-वडील दोघांचं, सगळ्या मार्गांचं मिळून धरायचं. वडील ऑटो चालवतात आणि आई कुठे पगारावर आहे, तर एकट्या वडिलांचा दाखला पुरत नाही. नोकरीत असलेल्यांनी आस्थापना प्रमुखाचा दाखला द्यायचा, बाकीच्यांनी तहसीलदारांचा. हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीत ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांचं इथेच घोडं अडतं. कंपनी म्हणते हा आमचा माणूस नाही आणि ठेकेदार काही लिहून देत नाही. त्याच्या मागे फिरण्यात दिवस घालवू नका, थेट तहसीलचा दाखला काढा.

शहरातल्यांना नागपूर शहर तहसील, बाकीच्यांना आपापला तालुका. एकच लक्षात ठेवा: नागपूर शहर आणि नागपूर ग्रामीण या दोन वेगळ्या तहसिली आहेत. शहराला चिकटलेल्या वस्त्यांमधले लोक चुकीच्या तहसिलीत अर्ज टाकतात आणि पंधरा दिवसांनी तो परत येतो. अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात करता येतो. आधार, राशन कार्ड आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो. शेती किंवा मजुरी असेल तर पटवाऱ्याचा अहवाल. पोर्टलवर मुदत १५ दिवसांची लिहिलेली असते. ती कार्यालयाला मोजायची असते, तुम्ही महिना धरून चला.

दाखला मागच्या पूर्ण आर्थिक वर्षाचा हवा. डिसेंबर २०२५ च्या परीक्षेला २०२४-२५ चं उत्पन्न. तारीख ताजी पण आत वर्ष जुनं, असे दाखले कितीतरी येतात. सेतूतून कागद हातात पडला की खिडकीवरून हलण्याआधी तीन गोष्टी वाचा: आर्थिक वर्ष, पालकाचं नाव आणि रक्कम, आकड्यात व अक्षरात एकच आहे का. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र याच्या जागी चालत नाही. पिवळं किंवा केशरी राशन कार्डही चालत नाही.

जातीच्या दाखल्याचंही आत्ताच बघून घ्या. आठवीतल्या बहुतेक मुलांकडे तो नसतो, फॉर्ममध्ये मात्र शाळेच्या नोंदीवरून प्रवर्ग टाकला जातो. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. आजोबांची टीसी किंवा शाळेच्या दाखल-खारीज (प्रवेश-निर्गम) रजिस्टरचा उतारा शोधायला वेळ जातो. बालाघाट, छिंदवाडा किंवा छत्तीसगडहून आलेल्या कुटुंबांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: आरक्षण मूळ राज्याचं असतं, तिकडच्या दाखल्यावर इथे राखीव जागा मिळत नाही.

फॉर्म आणि परीक्षा

फॉर्म शाळेच्या लॉगिनमधूनच भरला जातो, कॅफेत जाऊन पालकांना भरता येत नाही. परीक्षा बहुधा डिसेंबरात असते आणि फॉर्म त्याच्या दोन-तीन महिने आधी सुटतो. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, पण शेवटची तारीख पुण्या-मुंबईला असते तीच इथे, त्यामुळे तयारीला आपल्याकडे वेळ कमीच. विलंब, अतिविलंब शुल्काच्या तारखा छापलेल्या असतात, त्यांच्या भरवशावर राहू नये.

पेपर दोन, दोन्ही ९० प्रश्नांचे, ९० गुणांचे आणि ९० मिनिटांचे. पहिला बौद्धिक क्षमता चाचणीचा, दुसरा शालेय क्षमता चाचणीचा: विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल कोरा ठेवू नये.

निकाल लागला की गोंधळ सुरू होतो. दोन्ही पेपर मिळून ४० टक्के, म्हणजे १८० पैकी ७२ गुण मिळाले की मूल उत्तीर्ण. अनुसूचित जाती-जमातीला ३२ टक्के. पण उत्तीर्ण म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे. निवड जिल्ह्याच्या कोट्यात, प्रवर्गनिहाय गुणवत्तेनुसार होते. १०० गुणांचं मूल राहून जातं आणि पालकांना वाटतं अर्ज नाकारला. अर्ज नाकारलेला नसतो, यादी वर संपलेली असते.

तरीही ७२ गुण वाया जात नाहीत. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी किंवा कुणबी-मराठा समाजाचं मूल उत्तीर्ण असून निवड यादीत नसेल, तर सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपयांची. काटोल, नरखेड, सावनेरकडे कुणबी घरं भरपूर, पण कुणबी म्हणजे ओबीसी, सारथी आपल्यासाठी नाही असं समजून कितीतरी जण अर्जच करत नाहीत. मुख्याध्यापकांना आठवण करून द्या.

आठवी-नववीचा सांधा

निवड यादीत नाव आलं, पेढे वाटले, आणि इथेच बहुतेक प्रकरणं बसतात. यादीत नाव आल्याने पैसे येत नाहीत. नववीत गेल्यावर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर, नवा अर्ज करावा लागतो. तो आधी शाळा पडताळते, मग जिल्हा परिषदेतलं शिक्षणाधिकारी (योजना) कार्यालय. मनपा आणि जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळा आठवीलाच संपतात. परीक्षेचा फॉर्म जुन्या शाळेने भरलेला, पडताळणी नव्या शाळेने करायची. नव्या शाळेला हे मूल निवड यादीत आहे हेच माहीत नसतं आणि जुन्या शाळेच्या लेखी मूल टीसी घेऊन गेलं, विषय संपला. म्हणून टीसी घेतानाच निकालपत्र, निवड यादीचं पान आणि उत्पन्नाचा दाखला मागून घ्या आणि प्रवेशाच्या दिवशी नव्या शाळेत ज्यांच्याकडे एनएसपीचं काम आहे त्या सरांना किंवा मॅडमना द्या. आठवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातीला ५०) हवेत, ते प्रगतिपत्रकही सोबत. नववीला विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलं तर शिष्यवृत्ती तिथेच थांबते.

नावातला फरक हे दुसरं मोठं कारण. निकालावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. शाळेत वडिलांचं पूर्ण नाव, आधारवर नुसतं आद्याक्षर. अंतरिम निकालानंतर परिषद शाळेच्या लॉगिनमधून नावदुरुस्तीला थोडे दिवस देते, त्यानंतर ऐकून घेत नाही. त्या दिवसांत आधार समोर ठेवून एकेक अक्षर ताडून बघा.

बँक खातं मुलाच्या स्वतःच्या नावाचं हवं. त्या खात्याला आधार जोडलेलं हवं, यालाच सीडिंग म्हणतात. आणि बँकेत आधार कार्डाची झेरॉक्स देणं म्हणजे सीडिंग नव्हे. सीडिंगचा वेगळा फॉर्म भरून द्यावा लागतो. पैसे ज्या खात्याला आधार शेवटचं सीड झालं त्यातच जातात. मधेच एखादं नवं खातं उघडून आधार तिथे सीड झालं तर रक्कम तिकडे पडते आणि घरचे जुनं पासबुक छापत बसतात. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, अधूनमधून शंभर रुपये टाकत जा.

अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करायचं असतं. एक वर्ष चुकलं की त्या वर्षाचे १२,००० गेले. अकरावीत शिष्यवृत्ती चालू राहायला दहावीत ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५५. पॉलिटेक्निक किंवा आयटीआयला गेल्यास मिळत नाही. जेईई-नीटच्या क्लासशी ‘टाय-अप’ असलेलं कनिष्ठ महाविद्यालय निवडताना ते अनुदानित आहे का ते आधी विचारा, बरीचशी नसतात.

एनएसपीवरची स्थिती आठवड्यातून एकदा उघडून पाहा, शाळेच्या निरोपाची वाट पाहू नका. ‘डिफेक्टिव्ह’ दिसलं तर अर्ज मेलेला नाही, दुरुस्तीसाठी परत आला आहे. खाली कारण लिहिलेलं असतं. ते दुरुस्त करून मुदतीत पुन्हा सादर करा आणि शाळेकडून पुन्हा पडताळणी करून घ्या, कारण नुसतं सादर केलेलं शाळेच्या लॉगिनमध्येच पडून राहतं. ‘रिजेक्टेड’ मात्र वेगळं. तिथे त्या वर्षापुरता अर्ज संपलेला असतो.