चार अँटेना आणि एक झाड: स्फिअर डिकोडिंग आलं कुठनं

टिळकवाडीत आमच्या घरी राउटरला चार अँटेना आहेत, त्यातल्या एकीला आज्जीनं जपमाळ अडकवलीय. धाकट्याला वाटतं एका खोलीला एक अँटेना. खरं तसं नाही हो, चारी अँटेना एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर वेगवेगळा डेटा सोडू शकतात आणि पलीकडं सगळ्याची मिसळ पोचते. प्रत्येकीकडं 64 सिम्बॉल (एका वेळी पाठवायच्या ठराविक खुणा) धरले तर शक्यता होतात 1,67,77,216. दरवेळी सगळ्या तपासत बसलं तर झालंच की! सगळ्या न तपासता ही मिसळ सोडवायची रीत म्हणजे स्फिअर डिकोडिंग.

ही मल्टी-अँटेनाची कल्पना मांडणाऱ्या सुरुवातीच्या पेटंटवर (अर्ज 1992 चा) पॉलराज यांच्यासोबत थॉमस कैलाथ यांचं नाव आहे, कैलाथ पुण्यात जन्मले नि इंजिनिअरिंगही तिथंच केलं, हे आपल्याकडं फार कुणी सांगत नाही. नंतर बेल लॅब्समधल्या फॉशिनीनं 1996 ला ब्लास्ट ही मल्टी-अँटेनाची रचना आणली. 1998 च्या व्ही-ब्लास्टमध्ये एकेक सिम्बॉल ओळखून वजा करत जायचं, खरं पहिलाच चुकला की पुढचे सगळे बोंबलले.

उपाय मात्र आधीच तयार होता, तोही वायरलेसवाल्यांकडं नाही तर नंबर थिअरीत! पोस्टनं 1981 ला आणि फिंके-पोस्टनं 1985 ला लॅटिसमधले (म्हणजे सारख्या अंतरानं मांडलेल्या बिंदूंच्या जाळीतले) आखूड व्हेक्टर शोधायची रीत दिली होती. मिसळ कशी होते ते सांगणारं मॅट्रिक्स क्यूआर (मॅट्रिक्स फोडायची एक रीत) करून त्रिकोणी केलं की शेवटच्या ओळीत एकच सिम्बॉल उरतो, त्याच्यावरच्या ओळीत दोन, असं झाड तयार होतं. खानापूरच्या रानात वाट शोधताना करतो तसंच बघा, एक वाट चार किलोमीटरची सापडलीय नि दुसरीवर निम्म्यातच पाच झाले, मग पुढं कशाला जायचं, फिरा मागं. इथंही आलेला सिग्नल नि आपला अंदाज यातलं अंतर प्रत्येक पायरीला वाढतंच, कमी कधी होत नाही, म्हणून बिनधास्त फांदी तोडता येते.

हे 1993 ला डिजिटल कम्युनिकेशनकडं वळवलं विटर्बो आणि बिलिएरीनं (व्हिटर्बी अल्गोरिदमवाला व्हिटर्बी वेगळा, व्हायव्हाला पोरं इथंच गोंधळतात), मल्टी-अँटेनाला लावलं 2000 मध्ये दामेन मंडळींनी. श्नोर-ऑयखनर यांची 1994 ची युक्तीही कामाला आली, जवळची फांदी आधी बघायची म्हणजे चांगलं उत्तर लवकर हाती लागतं. तसं झाडावर शोधणं त्याहून जुनं, फानोचा सिक्वेन्शियल डिकोडर 1963 चा, माझ्या मते त्याला मान कमीच मिळाला.

2005 मध्ये गंमत झाली. हसिबी-विकालो म्हणाले या शोधातल्या आकडेमोडीचा सरासरी खर्च बऱ्याचदा परवडण्यासारखा आहे, आणि त्याच वर्षी यालदेन-ओटरस्टेननं दाखवलं की नॉइज (सिग्नलमधली खरखर) तेवढाच ठेवून अँटेना वाढवल्या तर तो एक्स्पोनेन्शियलच वाढतो. दोन्ही खरं. चिपवाल्यांना तर सरासरी चालतच नाही, उत्तर ठरल्या वेळेत लागतं. म्हणून के-बेस्ट, दर पायरीला चांगल्या के फांद्या ठेवायच्या, बाकी साफ. त्यात कधीमधी खरी फांदीच तुटते, ते मागचा एरर करेक्शन कोड बऱ्याचदा सावरून घेतो.